सात नंबरचा बोअर

१७ ऑगस्ट १९९६
मुक्काम कुंगारा

प्रिय डेस,

तू, हेदर आणि पोरी मजेत असाल असं धरून चालते. आईला गुडघा शेकत जा म्हणावं. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकते. इकडे मी आणि माझा मदतनीस क्लॅरी, दोघं ठीक आहोत. भर हिवाळा आहे, पहाटे पाण्याच्या डब्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो. क्लॅरी कण्हत कण्हत बिछाना गुंडाळतो आणि स्वतः अडुसष्टचा असून मलाच म्हणतो, "म्हातारी झालीस." निघून एकोणीस दिवस झाले. यादीतले सहा पंप दुरुस्त केले. गाडीच्या स्प्रिंगचा एक पाटा तुटला, तो तारेने बांधलाय.

आता रागाचं.

यंदा तुझ्या पाणीखात्याने पाठवलेल्या बोअरच्या यादीत सहानंतर थेट आठ. सात नंबर गायब. मी रेडिओवरून विचारलं, तर तुझ्या कचेरीतल्या बाईंनी वाचून दाखवलं, "वस्ती नाही, देखभाल बंद." खाली तुझी सही.

वस्ती नाही? वॉल्टर आणि युनिस मावशी मग कोण? बाबांबरोबर याच रस्त्याने हिंडताना वाळूत पाणी कुठे उकरायचं ते वॉल्टरनेच आपल्याला शिकवलं. तू त्याच्या खांद्यावर झोपायचास. आपल्या आजोबांनी इकडे पहिलं कुंपण ठोकलं त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून ती माणसं इथे आहेत. आणि तू ॲडलेडच्या गार खोलीत बसून एका रेघेत त्यांना पुसून टाकलंस.

यादीत नसला तरी मी गाडी सातकडे वळवली. नव्वद किलोमीटरची वाकडी वाट. पवनचक्कीची पाती फिरत होती, पण पाणी उपसणारा आतला दांडा तुटलेला. टाकी ठणठणीत कोरडी. पत्र्याच्या खोपटातून युनिस मावशी आणि तिची लेक डॉरिन बाहेर आल्या. वॉल्टर नव्हता.

दांडा नोव्हेंबरात तुटला. डॉरिनने तुमच्याकडे दोनदा कळवलं. दोन्ही वेळा उत्तर एकच, हा पंप यादीत नाही. मग बाप-लेक सात किलोमीटरवरच्या खडकातल्या कुंडावरून हातगाडीने पाणी आणू लागले. फेब्रुवारीच्या उन्हात वॉल्टर वाटेतच कोसळला. विमानाने त्याला ॲलिस शहरातल्या इस्पितळात नेलं, पण मूत्रपिंडं गेली ती गेलीच. आता आठवड्यातून तीनदा त्याला यंत्राला लावतात. यंत्र तिथे, म्हणून तोही तिथेच, मरेपर्यंत. आपल्या भूमीवर मरायचं एवढीच त्या माणसाची इच्छा होती.

मी युनिस मावशीच्या विस्तवापाशी बसून तुझ्या नावाने वाटेल ते बोलले. क्लॅरी विस्तवात काटक्या सारत होता. मग उठून गाडीकडे निघून गेला. माझं संपल्यावर मावशी म्हणाली, "ऑक्टोबरात तुझ्या गाडीचा धुरळा दिसला होता गं. हे म्हणाले, बापाच्याच वाटेने पॅटची पोरगी येतेय, चहाचं आधण ठेव. ठेवलं. मग धुरळा परत फिरला."

ती रागावलेली नव्हती. नुसतं काय झालं ते सांगत होती.

डेस, हे मी पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. गेल्या ऑक्टोबरात मी सातला पोचलेच नाही. पावणेपाच आठवडे रस्त्यावर होतो, ऊन चव्वेचाळीस, दुसरं जादा चाकही फुटलेलं. अलीकडच्या ओढ्याच्या वाळूत गाडी रुतली. ती काढल्यावर क्लॅरीने समोर बोट दाखवलं, धूर दिसतोय म्हणाला. मी म्हटलं, गवत पेटलं असेल. मला घरी जायचं होतं, बस्स. तपासणीच्या कागदावर मी लिहिलं, "वस्ती आढळली नाही." तू फक्त त्याची नक्कल केलीस.

पण तू तरी विचारायचंस की रे. वॉल्टर कुठे राहतो हे तुला माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी थकून खोटं लिहिलं आणि तू सोयीचं म्हणून खरं मानलंस.

तीन दिवस खपून आम्ही दांडा बदलला. पाणी वर आलं. डॉरिनने डबे भरायला घेतले. मावशीने ओंजळ भरून तोंड धुतलं आणि आत गेली.

सोबत नवा कागद आहे. त्यात मी न जाता लिहिलं हे स्वच्छ लिहिलंय. बहिणीची कीव येऊन तो खणात ठेवू नकोस. तुझ्या साहेबांच्या टेबलावर ठेव, माझं काम गेलं तरी चालेल. आणि सात नंबर यादीत परत घाल, तेही तुझ्याच हाताने.

पुढच्या सोमवारी मी ॲलिसला वॉल्टरकडे जातेय. पाणी आलं का, एवढंच तो विचारेल, आणि हो म्हणता येईल. पण चहा करायला लावून मी का परतले, हे त्याने विचारलं नाही तरी मला सांगावं लागणार आहे.

तूही ये. या एका वेळी मला एकटीला पुढे करू नकोस.

तुझी बहीण,
मेव्ह