लाल रेघेच्या अलीकडचे सहाशे चौसष्ट

आदरणीय दाजी,

कमरेला पट्टा असल्यामुळे साष्टांग जमणार नाही, तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या जेवढं वाकता येतं तेवढ्या नमस्कारावर भागवून घ्यावं. तुमचे गुडघे, ताईचा रक्तदाब आणि तुमच्या गच्चीवरची खोकणारी पाण्याची मोटार, तिघांची प्रकृती कशी आहे? आमच्याकडे ठीक. हिचा एक दात काढला. (ती म्हणते चुकीचा काढला, डॉक्टर म्हणतात बरोबर काढला. दात आता बाहेर असल्यामुळे दोघांनीही विषय सोडून दिलाय.) ताईने तुम्हाला सांगितलंच असेल की मी कॉम्प्युटरची परीक्षा दिली आणि पहिल्या वर्गात पास झालो. ही बातमी तिला मीच फोन करून दिली होती. त्या बातमीत थोडी दुरुस्ती आहे, म्हणून हे पत्र.

आधी मूळ प्रकरण. आमच्या हॉस्पिटलच्या तळघरातला जुना बॉयलर, ज्याच्याशी माझा संसार हिच्यापेक्षा दोन वर्षं जुना आहे, तो यंदा निवृत्त होतोय. नवा येतोय त्याला काटे नाहीत, चाकं नाहीत, नुसता एक स्क्रीन. मेंटेनन्सच्या साहेबांनी आम्हा चौघांना उभं करून सांगितलं की वर्ष संपायच्या आत जो कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट आणेल तो स्क्रीनपुढे बसेल, बाकीचे चादरींच्या स्टोअरमध्ये जातील. दाजी, सव्वीस वर्षं ज्या माणसाने नुसत्या आवाजावरून वाफ कुठे गळते ते सांगितलं, त्याने उरलेली पाच वर्षं उशांचे अभ्रे मोजायचे? (अभ्र्यांशी माझं वैर नाही. पण अभ्रा कधी बिघडत नाही हो, त्यामुळे तो दुरुस्त करण्याचं सुख नाही.) तेव्हा मी कंबर कसली, म्हणजे पट्टा आवळला, आणि फॉर्म भरला.

परीक्षेचं केंद्र म्हणजे चष्म्याच्या दुकानावरची एक खोली. काउंटरवरच्या बाईंनी घड्याळ काढून घेतलं, पेन काढून घेतलं आणि खिशातला पानासुद्धा कपाटात ठेवून त्याची पावती दिली. (हा पाना घेऊन मी आत काय करणार होतो, प्रश्न सैल करणार होतो?) सत्तर प्रश्न, नव्वद मिनिटं. शेवटी स्क्रीनने आभार मानले आणि बाहेरच्या प्रिंटरमधून दोन पानं आली. आता आमच्या बॉयलर हाऊसचा नियम तुम्हाला ठाऊक नसेल, तो सांगतो. आमच्याकडे प्रत्येक कागदाची दोन पानं असतात, पहिलं आपलं, दुसरं ऑफिसचं. सव्वीस वर्षांत माझा हात याला चुकलेला नाही. मी दुसऱ्या पानावर झोकात सही केली आणि ते काउंटरवर ठेवलं. बाई काहीतरी सांगत मागे आल्या. मी म्हटलं, राहू द्या, तुमच्या फायलीला लागेल, आणि जिना उतरलो.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली तेव्हा पान उघडलं. वर मोठ्या अक्षरात ६६४. खाली बारीक अक्षरात, गुणांची पट्टी १०० ते ९००. मी तिकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला, नऊशेपैकी सहाशे चौसष्ट म्हणजे जवळजवळ चौऱ्याहत्तर टक्के. शाळेत मला चौऱ्याहत्तर टक्के सगळे विषय मिळून पडायचे. त्याखाली चार आडव्या पट्ट्या होत्या, एकेका विषयाची एकेक, आणि चारही पट्ट्यांना छेदून जाणारी एक उभी लाल रेघ. आता तुम्हीच सांगा, लाल रेघ दिसल्यावर बॉयलरच्या माणसाला काय वाटणार? काटा रेघेच्या अलीकडे असला तर इमारत शाबूत, पलीकडे गेला तर पळा. माझ्या तीन पट्ट्या रेघेच्या अलीकडे अगदी शहाण्यासारख्या थांबल्या होत्या. एकटी ‘बिघाड शोधणे’ नावाची पट्टी रेघ ओलांडून गेली होती. मी मनाशी म्हटलं, इथे जरा जास्तच दाब दिला गेला, पुढे सांभाळू.

मग काय विचारता! हॉस्पिटलच्या लाँड्रीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मुकादम बाईंनी माझ्या हातातून पान ओढून घेतलं आणि नोटीस बोर्डावर, ‘हात स्वच्छ धुवा’च्या शेजारी, चार टाचण्या मारून लावलं. साहेबांनी गडबडीत पान न बघताच हात मिळवला आणि सोमवारपासून स्क्रीनच्या ट्रेनिंगला बसा म्हणाले. तीन दिवस मी जिन्यातून जातानासुद्धा बोर्डावरून जात होतो. (जिना बोर्डाच्या विरुद्ध टोकाला आहे.) चौथ्या दिवशी बोर्डासमोर रेकॉर्ड विभागातल्या क्लार्क बाई उभ्या दिसल्या. या बाई पेशंटच्या जुन्या फायली वाचून वाचून इतक्या बारीक नजरेच्या झाल्यात की डॉक्टरांचं अक्षरही त्यांना लागतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाल्या, “अहो, ही रेघ ओलांडायची असते.”

मी अर्थातच वाद घातला. रेघ ओलांडली की सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो, हे मी त्यांना सोदाहरण पटवून दिलं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि मग पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात छापलेला आकडा दाखवला. पास व्हायला सातशे. दाजी, त्यापुढे त्यांनी जे सांगितलं ते मला दोन कप चहा संपेपर्यंत कळत नव्हतं. हे गुण म्हणजे बरोबर उत्तरांची मोजणी नव्हे आणि टक्केही नव्हेत. पट्टी शंभरापासून सुरू होते, म्हणजे जो नुसता श्वास घेत बसला त्यालाही शंभर. प्रत्येकाला वेगळे प्रश्न येतात, कुणाला अवघड, कुणाला सोपे, म्हणून सगळ्यांना एका मापात आणायला आधी काहीतरी रूपांतर करतात. त्यामुळे छत्तीस कमी पडले म्हणजे छत्तीस प्रश्न चुकले असंही नाही. मग किती चुकले? ते कुणी सांगत नाही. मी परीक्षेच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं की कोणता प्रश्न चुकला हे गुप्त असतं. माझीच चूक आणि माझ्यापासूनच गुप्त! एवढी काळजी माझ्या अब्रूची आजवर कुणी घेतली नव्हती.

बोर्डावरून पान मी स्वतः काढलं. साहेबांकडे जाऊन खरं ते सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते खूप वेळ टाचण्यांची चार भोकं बघत बसले आणि म्हणाले की वर्ष संपायला अजून सात आठवडे आहेत, ट्रेनिंगची खुर्ची तोवर दुसऱ्या कुणाला देत नाही. मग मी केंद्रावर दुसरं पान आणायला गेलो. बाईंनी ते पाकिटात घालून जपून ठेवलं होतं. पाकिटावर लिहिलं होतं, ‘पानावाले काका’. आत ठळक अक्षरात ‘अनुत्तीर्ण’ आणि बरोबर त्याच्याखाली माझी झोकदार सही. मला विशेष काही वाटलं नाही.

त्या पानावर पुढे एक यादी होती, कुठल्या विषयात काय काय वाचावं याची. ती मी बॉयलरजवळ बसून वाचली आणि तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, हे तर आमचं लॉगबुक! लॉगबुकात आम्ही बॉयलरला नापास करत नाही. दाब कुठे कमी आहे, कुठला सांधा गळतोय, एवढंच लिहितो आणि पाना घेऊन तिथे जातो. हा रिपोर्ट मला वाईट माणूस म्हणत नव्हता, तो गळती दाखवत होता. बिघाड शोधण्यात माझं बरं आहे. यंत्राचे भाग आणि सुरक्षा रेघेच्या आसपास आहेत, थोडं घट्ट केलं की बसतील. सगळी वाफ जाते ती नेटवर्कमध्ये, आणि क्लार्क बाई म्हणतात सगळ्यात जास्त प्रश्नही त्याचेच असतात. आता रोज जेवणाच्या सुट्टीत त्या मला वीस प्रश्न विचारतात. काल चौदा बरोबर आले. लाँड्रीतल्या बायका अजूनही टाळ्या वाजवतात, पण आता उत्तर ऐकून मग. दाजी, मला खरंच वाटतंय की या खेपेला जमेल.

ताईला नमस्कार. गुडघ्यांना शेक चालू ठेवा.

तुमचा,
तळघरातला मेहुणा

ता. क. ‘मला विशेष काही वाटलं नाही’ असं वर लिहिलंय ते खोटं आहे. चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर मी बराच वेळ बसून होतो. दुकानदाराने शेवटी नजर तपासायची आहे का विचारलं.

ता. क. आता खरं काम. ताईवर चिडू नका, मी खोदून खोदून विचारलं तेव्हा तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तुमच्या ग्रंथालयात कॉम्प्युटर आला तेव्हा तुम्हीही हीच परीक्षा दिली होती, सहाशे एकाहत्तर आले, आणि तेव्हापासून तुम्ही काउंटर सोडून मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं शिवत बसता. रिपोर्ट कपाटात अंथरलेल्या कागदाखाली आहे. तो तिने मला फोनवर वाचून दाखवला. दाजी, तुमची नेटवर्कची पट्टी लाल रेघेच्या पार पलीकडे गेलीय! आणि ‘बिघाड शोधणे’ इतकी आखूड आहे की ताईला आधी ती दिसलीच नाही. म्हणजे मला जे येत नाही ते तुम्हाला येतं आणि तुम्हाला जे येत नाही ते मला येतं. रजा काढून पंधरा दिवस इकडे या. सकाळी तुम्ही शिकवा, संध्याकाळी मी.

ता. क. केंद्रावरच्या बाईंनी किती जागा धरू विचारलं. मी दोन सांगितल्या. गेल्या खेपेला त्या खोलीत एकटा बसलो होतो दाजी, आता एकट्याने नाही बसवत. या.