चंद्रीचं दूध

सातारा

प्रिय सोनिया,

तू धाकटी वहिनी झालीस तरी शाळेत एका बाकावर बसलेली मैत्रीण म्हणूनच लिहिते आहे. हे फोनवर सांगता आलं नसतं. माझा फोन आला की तू स्पीकर लावतेस आणि आई शेजारी येऊन बसते. चुलत्यांचा पप्पू टेम्पो घेऊन इथे आलाय, त्याच्याकडे हे देते. एकटी असताना वाच.

माझं काम काय, हे घरात फक्त धुळादादानं विचारलं होतं. जंतूची सगळी जनुकं कम्प्युटरवर अक्षरांच्या लांबलचक ओळीसारखी दिसतात. रोग करणारा जंतू आणि त्याचा मातीतला निरुपद्रवी भाऊबंद शेजारी ठेवायचे आणि पहिल्यात जास्तीचे भाग कोणते, ते प्रोग्रॅम लावून शोधायचं. काही भाग बाहेरून आलेले असतात, त्यांची ठेवणच वेगळी असते. रोगाचं मूळ बरेचदा तिथे सापडतं. दादा म्हणाला, "म्हंजी दुसऱ्याच्या कळपातलं मेंढरू हुडकायचं. आन् त्याचा पगार देत्यात व्हय गं?" फार हसला होता.

दादा तापानं आजारी असताना सांगलीच्या दवाखान्यात घेतलेल्या त्याच्याच रक्तातला जंतू आमच्याकडे तपासायला आला. नाव नव्हतं, नुसता क्रमांक. गाव आणि तारीख बघून ओळखलं. सरांना सांगितलं असतं तर त्यांनी काम दुसऱ्याला दिलं असतं. ते मी माझ्याकडेच ठेवलं. तेव्हापासून रोज तीच ओळ समोर असते. त्यात जे भाग सापडले, त्यांच्या जोरावर हा जंतू स्वतःला मारायला आलेल्या पेशीतच शिरतो आणि तिथेच राहतो. ताप उतरल्यासारखा वाटतो, पण तो आत असतो. दादाच्या हृदयापर्यंत तो असाच गेला आणि दादाला घेऊन गेला. मला स्क्रीनकडे बघवत नाही आणि खुर्चीतून उठताही येत नाही.

तापात आई त्याला आपल्या चंद्री शेळीचं धारोष्ण दूध पाजायची. तो खंगत गेला तसा तांब्या मोठा होत गेला. उकळलं की गुण जातो म्हणून चुलीवर कधी ठेवलं नाही. तो तोंड फिरवायचा, तर म्हणायची, "पी रं लेकरा, दूध हाय, इख न्हाई."

चंद्री गाभडली तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी नमुने नेले होते. तिच्यातला जंतू आणि दादाच्या रक्तातला, काल दोन्ही शेजारी ठेवले. एकच आहेत. तिचं मेलेलं करडू दादानं उघड्या हातांनी ओढून काढलं, त्यातून लागण झाली की दुधातून, हे कम्प्युटर सांगू शकत नाही. आई मात्र दुधाचंच धरून बसेल. मग ती जेवणार नाही, हे तुलाही माहीत आहे.

परवा तू हसत म्हणालीस की आता पोटातल्या बाळासाठी चंद्रीचं दूध रोज तुलाच मिळतं. त्यासाठी हे लिहिते आहे. आजपासून एक घोटही घेऊ नकोस. उद्याच पप्पूबरोबर सांगलीला जा, डॉक्टरांना चंद्रीचं सगळं सांग आणि रक्त तपासून घे. लागण असली तर औषध आहे, पण वेळ घालवून चालणार नाही. आईनं विचारलं तर मळमळतं म्हण. तिला आणि घरच्या सगळ्यांना दूध उकळून प्यायला लावायचं तर खरं सांगावंच लागेल. त्यासाठी रविवारी येते. कसं सांगणार, अजून कळत नाही. तू माझी वाट बघू नकोस. ती तांब्या घेऊन समोर उभी राहिली की तिच्या तोंडाकडे बघू नकोस, नुसतं नाही म्हण.

तुझीच,
सोनम