चिठ्ठीवर होतं तसंच कापलं

शनिवार, ८ मार्च, दुपार

प्रिय छकुली,

प्रभूच्या नावाने सलाम आणि पोटभर आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारीच मिळालं. उत्तराला चार दिवस लागले ते चष्मा सापडत नव्हता म्हणून, असं मी तुझ्या आईला सांगत होतो. चष्मा नाकावरच होता.

इकडे आम्ही दोघं बरे. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आईपेक्षा कमी. मोरीतला नळ मी स्वतः दुरुस्त केला. आता तो दुसरीकडून गळतो.

तू लिहिलंस, "बाबा, जिला मी काम शिकवलं तीच आता माझी साहेब झालीये. मी हसून बोलते, काम चोख करते, पण आत नुसती आग होते. तुमच्यावरही हीच वेळ आली होती. तुम्ही इतके शांत कसे राहिलात? मला तुमच्यासारखं व्हायचंय."

मी लगेच उपदेश लिहायला बसलो. दोन कागद भरले. फाडले. पुन्हा लिहिले, पुन्हा फाडले. आता मात्र सरळ लिहितो.

दवाखान्यातली आमची शिवणखोली तुला आठवत असेल. मोठे मास्तर निवृत्त झाले तेव्हा त्यांची खुर्ची मलाच मिळणार, हे गेटवरच्या वॉचमनलासुद्धा माहीत होतं. मिळाली बाईंना. कात्री कशी धरायची ते मीच ज्यांना शिकवलं, त्या बाईंना. तू तेव्हा नववीत होतीस. मी घरी येऊन म्हणालो, "देवाची इच्छा," आणि जेवायला बसलो. तुम्ही दोघींनी माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मी कोणी संतच. त्या संताच्या घशाखाली घास उतरत नव्हता, ते तुम्हाला दिसलं नाही. मी दिसू दिलं नाही.

महिनाभराने ऑपरेशनच्या खोलीसाठी साठ गाउन शिवायचे निघाले. बाईंनी मापाची चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली. एका नजरेत कळलं, घाईत त्यांनी तयार गाउनची मापं लिहिली होती. शिलाईत जाण्यासाठी जे जास्तीचं कापड सोडतात, ज्याला आम्ही माया म्हणतो, ते धरलंच नव्हतं. "बाई, माया राहिली," एवढी एक हाक मारायची. त्या दहा पावलांवर बसल्या होत्या.

मी हाक मारली नाही. थर लावले, खडूने आखलं, आणि चिठ्ठीवर होतं तसंच कापलं. इतकं सफाईदार मी जन्मात कधी कापलं नसेल.

गाउन शिवून गेले आणि तसेच परत आले. सर्जनसाहेबांचा हात बाहीत कोपराशीच अडकला म्हणे. मेट्रनबाई तरातरा खोलीत आल्या. "हे कोणाचं काम?"

बाई उठल्या. "चिठ्ठी माझी आहे. चूक माझी."

मेट्रनबाई सगळ्यांदेखत त्यांना काय काय बोलल्या ते मी लिहीत नाही. मी खाली मान घालून खडूला धार काढत बसलो. आणि छकुली, मला बरं वाटलं. गाउनचं तुला कधीतरी सांगितलंही असतं. बरं वाटलं, हे मात्र आजवर जिभेवर येत नव्हतं.

सकाळची प्रार्थना मीच घ्यायचो. दुसऱ्या दिवशी घेतली, तिसऱ्या दिवशीही घेतली. "प्रभू, आमच्या हातांच्या कामाला आशीर्वाद दे," तोंडपाठ होतं. चौथ्या दिवशी "आमच्या हातांच्या" इथवर आलो आणि पुढचा शब्दच फुटेना. सगळ्या डोळे मिटून उभ्या. कोणीतरी खोकलं. मी डोळे उघडले, तर समोर बाई. मान खाली, गालांवर पाणी. जन्मभर कात्री चालवणारा मी, त्या दिवशी पुरता कात्रीत सापडलो.

"बाई," मी म्हणालो, "मला दिसलं होतं."

"काय दिसलं होतं, मास्तर?"

"माया धरली नव्हती ते. कापायच्या आधीच दिसलं होतं."

त्यांनी पदराने गाल पुसले. मग म्हणाल्या, "मला हे काम जमत नाही, असं चार दिवस घरी रडून सांगतेय मी. पर्समध्ये राजीनामा घेऊन फिरतेय. आणि तुम्ही इथे उभे राहून आमच्यासाठी प्रार्थना करत होतात?"

"हो," मी म्हणालो.

"मग आता माझ्यासाठी करा. खरी." आणि त्या बाहेर निघून गेल्या.

मी तसाच मेट्रनबाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी मला कापायच्या टेबलावरून उठवलं. तीन महिने फाटक्या चादरींना ठिगळं लावायची. घरी मी सांगितलं की रफूवाली रजेवर आहे. तेही खोटं होतं.

पहिला आठवडा मी रागाने टाके घातले. रागाचा टाका घट्ट बसतो, कापडाला चुण्या पडतात. वॉर्डातल्या आयाबाईंनी एक चादर आणून माझ्यापुढे टाकली. "मास्तर, हे ठिगळ त्या म्हातारीच्या पाठीला रुततंय. आधीच तिची पाठ सोललेली आहे." मी ती उसवायला घेतली. उसवता उसवता त्या न पाहिलेल्या म्हातारीसाठी प्रार्थना केली, आणि ती खरी होती. मग बाईंसाठी करायला गेलो. "प्रभू, बाई..." म्हणालो आणि थांबलो. त्या दिवशी तेवढीच झाली. दुसऱ्या दिवशी थोडी पुढे गेली.

तीन महिने संपले तेव्हा बाई स्वतः कापडाचा गठ्ठा घेऊन आल्या. "माप मी लिहिलंय, मास्तर. चुकलं असेल तर ओरडा."

"सगळ्यांदेखत?"

"मग काय कानात सांगणार?" त्या हसल्या. मीही हसलो, आणि डोळे पुसायला खडूचाच हात लावला.

पुढची अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. ती माझी सगळ्यांत सुखाची वर्षं. खुर्ची मिळाली नाही म्हणून देवाचे आभार मानण्याइतका मी अजून मोठा झालेलो नाही. पण त्या सकाळी त्याने माझ्या तोंडातला शब्द अडवला, त्याबद्दल रोज मानतो.

तू आत आग होते असं लिहिलंस. मला ते तेव्हा कोणालाच सांगता आलं नव्हतं, देवालाही नाही. तू त्याला सांग, जसं आहे तसं. "तिचं भलं कर" असं गोड बोलायची घाई नको. फक्त तिचं कुठे चुकताना दिसलं तर त्याच क्षणी हाक मार. मन मागून येतं. माझं आलं.

आज सकाळी हे आधी आईला सांगितलं. ती मटार सोलत होती. "तरीच तेव्हा बोटं टोचलेली असायची," एवढंच म्हणाली. मला वाटलं, आता उठून आत जाईल. तिने निम्मे मटार माझ्यापुढे सरकवले.

रागावलीस तरी उत्तर लिही.

तुला वाटत होता तसा नसलेला, पण तुझाच,
बाबा