फोटोपुढचा चहा

परळी

माझ्या वडीलधाऱ्या दादाला, धाकट्या रतनचा उमापूरच्या दिशेनं नमस्कार.

मागच्या महिन्यात एका सकाळी मी पाणी भरलं, ओट्यावरची राख पुसली आणि रोजच्यासारखा गोड चहाचा कप ह्यांच्या फोटोपुढं ठेवला. निवल्यावर मीच तो प्याले. सून संगीता दारातून बघत होती.

"आत्याबाई, तुमची साखर कावून उतरंना, ते आज कळलं."

"अगं, परसाद हाय तो. टाकून देऊ का?"

"मग मामांना बी बिनसाखरेचा द्या."

मला रागच आला. माणूस साखरेच्या आजारानं गेला, पण फिका चहा कधी ओठाला लावला नाही.

घोर करू नकोस, मी औषध वेळेवर घेते. साखरेऐवजी चहात टाकायची विकतची पुडी महाग, म्हणून पेपरात वाचून घरीच भुकटी केली. शेजारच्या कुंडीतल्या स्टीव्हियाची गोड पानं सावलीत वाळवली, बडीशेप आणि वेलदोड्यासोबत कुटली. पहिल्यांदा साखरेसारखी चमचाभर टाकली, तर चहा कडूजहर. सोमेश्वर म्हणाला, "आई, ह्यानं साखर न्हाई, माणूसच उतरंल." आता चिमूटच टाकते.

वहिनीचा गुडघा कसा आहे? मेंढरं वाड्यावर आली का? तू चहात किती साखर घेतोस, खरं कळव.

सोमवारी भुकटीची चव जमली. तरी ह्यांच्या कपात माझ्या हातानं साखरच पडली.

दुसऱ्या दिवशी मी भुकटीचा चहा फोटोपुढं ठेवला, "एवढं सोसा" म्हणाले, आणि निवल्यावर प्याले.

तुझी,
रतन