खांद्यावरची चार बोटं

प्रिय प्रीतम,

सप्रेम जय भीम. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तुझ्यामागे फोनसाठी रांग असते आणि माझ्यामागे तुझी आई उभी असते, म्हणून कागद घेतला. सेतू केंद्रात दिवसभर लोकांचे अर्ज भरते, त्यामुळे 'वरील मजकूर खरा आहे' असं शेवटी लिहायची सवय लागली आहे. याही कागदाखाली तेच लिहिणार आहे.

गेल्या महिन्यात, सीमेवरचा गोळीबार थांबायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. तुझा फोन तीन दिवस लागत नव्हता. मी खालापूरहून नेहमीच्या एसटीने आले, शिळफाट्याला उतरले, तर समोर तू. आठ फूट उंच, युनिफॉर्ममध्ये, मागे तिरंगा. खाली ठळक अक्षरांत, 'आपल्या गावचा सुपुत्र, वीर जवान प्रीतम अमर रहे.' मी ते दोनदा वाचलं. मग नजर तुझ्या खांद्यावर गेली. तिथे चार बोटं होती, लाल नेलपॉलिश लावलेली. गेल्या सुट्टीत विहारासमोर काढलेला आपला दोघांचा फोटो. ही नखं बघूनच शत्रू पळेल, म्हणाला होतास. फ्लेक्सवाल्याने मला कापून टाकलं होतं, बोटं तेवढी राहिली होती. मी माझीच बोटं बघत उभी राहिले.

लावला कोणी? गजाने. तुझा जिवलग ना तो! कुठल्याशा ग्रुपवर तुझ्या नावाचा जवान गेल्याचं आलं, त्यात गावाचा पत्ताही नव्हता, आणि या शहाण्याने रडत रडत फ्लेक्स छापून आणला. घरी जाऊन कोणी सांगायचं यावर सगळ्यांचा तासभर वाद चालला होता. ती हिंमत कोणाला झाली नाही, बॅनर लावायची मात्र झाली. नंतर माफी मागायला आला तेव्हा त्याला बराच वेळ दारात उभा ठेवला, मग चहा दिला. तू त्याला फार बोलू नकोस. तो दुसरा जवानही कुणाचा तरी होताच, हे मला विसरता येत नाही.

मी तशीच उभी असताना भाजी घेऊन आई आल्या. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "काय लिवलंय गं?" मी म्हटलं, "सीमेवरच्या जवानाला शुभेच्छा." आवाज माझाच होता, पण कुठून आला मला माहीत नाही. "फोटो बरा आलाय," एवढं म्हणून त्या चालू लागल्या. मी मागोमाग. अर्ध्या तासाने तुझा फोन आला. तू म्हणालास, सगळं बरं आहे. मी म्हटलं, इकडेही बरंय, भेंडी केली आहे. भेंडी तेव्हा गॅसवर करपत होती.

आईंनी तो फ्लेक्स गजाकडून मागून घेतला. नवा हाय, लाकडं झाकायला होईल, म्हणाल्या. परवा त्यांनी तो लाकडांवर घातला, छापलेली बाजू खाली. उलटा टाकलात, असं मी म्हटलं, तेव्हा माझ्याकडे न बघताच बोलल्या, "अमर रहे तेवढं मला बी वाचता येतं, पोरी. तू दुसरं काय तरी वाचशील म्हनून इचारलं. तुझ्या त्या खोट्यावरच घरापत्तूर चालत आले मी." त्या म्हातारीने ते पोटात ठेवून त्या रात्री मला दोन घास भरवले होते.

तेव्हाच ठरवलं, निदान माझ्या पोटातलं तरी बाहेर काढायचं. तेच सांगायला हे पत्र. बॅनर वाचला तेव्हा मला आधी रडू आलं नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं. आता फोनची वाट बघायची नाही, वाजला तर दचकायचं नाही, नाही वाजला तर बातम्या लावायच्या नाहीत. संपलं एकदाचं. क्षणभरच वाटलं, पण वाटलं. तुझ्या मरणावर मी सुस्कारा सोडला. बॅनरचा धक्का तुझ्या फोनने गेला, हा अजून जात नाही. मला शिव्या दे, रागाव, काहीही कर, पण पुढच्या फोनवर 'सगळं बरं आहे' म्हणू नकोस. भीती वाटली असेल तर भीती वाटली म्हण. तेवढं खरं बोललास, तर कितीही दिवस वाट बघायची माझी तयारी आहे.

वरील मजकूर खरा आहे.

फोटोतून कापलेली, तरी तुझीच,
पौर्णिमा