खुर्चीची कुरकुर

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. शेवटी नेहमीसारखं विचारलंयस, 'ताई, सध्या काय ऐकतेयस?' आपल्या घरात 'कशी आहेस'च्या जागी हेच विचारायची पद्धत, त्यामुळे उत्तर द्यायला हवं. तर खरं उत्तर, काही नाही. रेकॉर्डी लावते, ऐकत नाही. धूळ पुसते, पिन टेकवते, बाजू संपली की उलटते. वाढणाऱ्याचं पोट वाढून थोडंच भरतं! तू त्या सॅक्सोफोनवाल्याच्या रेकॉर्डचं नवं प्रेसिंग, नव्यानं छापलेली प्रत, मिळवलंस, जुन्याशेजारी लावून पाहिलंस, नव्यात खालचे सूर भरदार आहेत पण झांजा पत्र्यासारख्या वाजतात, असं दोन पानं भरून लिहिलंयस. मी ती दोनदा वाचली आणि हेवा वाटला. झांजांचा नाही रे बाबा, दोन पानं लिहिण्याइतकं कुणाला काही ऐकता येतं याचा.

दिवसभर चष्म्याच्या दुकानात मी लोकांना अक्षरं वाचायला लावते. गंमत सांगते, म्हातारी माणसं बाहेर बाकावर बसल्या बसल्या तक्ता पाठ करतात आणि नंबर तपासताना खालची ओळ घडाघडा म्हणून दाखवतात. कुणाला फसवायचं असतं त्यांना, देव जाणे. मी म्हणते, काका, ही परीक्षा नाही, दिसत नसेल तर नाही म्हणा. हे वाक्य मी झोपेतही बडबडत असेन. संध्याकाळी पाय ओढत जिना चढते, तर टीव्हीचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत. खालच्या वहिनींनी आता तक्रार करणंही सोडलंय. लॅच उघडून आत गेले की बाबा म्हणतात, अगं, घंटी तरी वाजवायची, दचकलो ना. मी ती वाजवून वाजवून कंटाळलेली असते.

रविवार मात्र अजून चुकत नाही. दातांचे डॉक्टर येतात, ड्रायव्हरकाका येतात, आणि मधल्या खुर्चीत बाबा. खेळ तोच. एकाच रेकॉर्डची दोन प्रेसिंग, एक पहिल्या साच्यातून निघालेलं, एक नंतरच्या. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर चादर टाकून मी प्लेअर झाकते, दोन्ही पाळीपाळीनं लावते, आणि पहिलं प्रेसिंग कुठलं ते त्यांनी ओळखायचं. मग रेकॉर्डच्या मधल्या कोऱ्या कड्यावर कोरलेला नंबर वाचून मी निकाल देते. डॉक्टरांचं आणि काकांचं आजवर एकदाही एकमत झालं नव्हतं. डॉक्टर म्हणणार, तुम्ही जन्मभर हॉर्न ऐकलेत, तुम्हाला काय कळणार! काका म्हणणार, आणि तुमच्या कानात अजून ड्रिल फिरतंय, त्याचं काय? चहा गार होईपर्यंत हे चालायचं, आणि शेवटी दोघंही बाबांकडे वळायचे. बाबा चुकायचे नाहीत.

पियानोची ती रेकॉर्ड आठवते ना, जिच्या दुसऱ्या बाजूला सूर अगदी विरत आलेला असताना वाजवणाऱ्याची खुर्ची कुरकुरते? फक्त पहिल्या प्रेसिंगमध्ये ती ऐकू येते, पुढच्यांमधून कुणीतरी साफ पुसून टाकली. आपण शाळेत होतो. बाबांनी आपल्याला जमिनीवर बसवून ती एवढीशी कुरकुर ऐकायला शिकवलं. म्हणाले, सूर काय, सगळ्यांनाच ऐकू येतात. तो माणूस कसा बसलाय ते ऐका. तू पहिल्याच खेपेला बोट वर केलंस. मला बऱ्याच वेळानं ऐकू आली, पण त्याआधीच मी दोनदा 'आली, आली' म्हणून घेतलं होतं. बाबांचा चेहरा पडू नये, एवढंच.

मागच्या खेपेला तू आलास तेव्हा तीच रेकॉर्ड लावली होती. बाबा ठामपणे म्हणाले, दुसऱ्यांदा वाजलं ते पहिलं प्रेसिंग, कुरकुर स्पष्ट आहे. आणि तू सगळ्यांदेखत म्हणालास, बाबा, त्यात कुरकुर नाहीच आहे, तुम्हाला ऐकू येत नाहीये. बाबा उठले, चादर बाजूला सारून प्लेअरचं झाकण लावलं आणि म्हणाले, मीच शिकवलं आणि मलाच शिकवतोय. दुसऱ्या दिवशी तू कानाचं मशीन आणून टेबलावर ठेवलंस. त्यांनी डबी उघडली नाही. तू निघालास तेव्हा ते अंघोळीला जाऊन बसले. तेव्हापासून तुझं नाव निघालं की पेपरचं पान उलटतात. मी चिडले होते तुझ्यावर. तू खोटं बोलला नव्हतास, म्हणून तर जास्तच. तू बोलून गेलास, निस्तरायला मी राहिले.

मग मी निकाल बदलायला लागले. बाबा चुकले की चादरीआडून म्हणायचं, बाबांचं बरोबर. नंबर मीच वाचत होते, कोण तपासणार? पण डॉक्टरांना आणि काकांना कान आहेत. पहिल्या वेळी डॉक्टरांनी मीच करून दिलेल्या चष्म्याच्या वरून माझ्याकडे नुसतं पाहिलं. काका जिन्यात म्हणाले, ताई, आता आमचेच कान गेले म्हणायचे. त्यानंतर दोघं आपलं मत आधी सांगेनासे झाले. 'तुम्ही सांगा' म्हणायचं, आणि बाबा म्हणतील त्याला मान डोलवायची. भांडणं संपली. चहा गरम असतानाच प्यायला जायला लागला, दिवेलागणीला घर रिकामं. मला वाटलं, चला, निभावलं. पण इतकी वर्षं त्या भांडणांनी मी कधी दमले नव्हते, तेवढी या गोडीगुलाबीनं दमले. तीन माणसं एका माणसाला सांभाळत बसायची आणि संगीत आपलं एका कोपऱ्यात एकटंच वाजत राहायचं.

परवाच्या रविवारी पुन्हा तोच पियानो. मला इतका शीण आला होता की पहिली फेरी झाल्यावर मी रेकॉर्ड उचलली, पुसली आणि तीच परत लावली. नंतरचं प्रेसिंग, दोन्ही वेळा. पहिलं प्रेसिंग आपल्या कव्हरात शेजारच्या स्टुलावर तसंच. माझ्या लक्षातही आलं नाही. बाबा म्हणाले, दुसरं. कुरकुर काय सुरेख येते! डॉक्टर म्हणाले, अगदी स्पष्ट. काका म्हणाले, वा! मी म्हटलं, बाबांचं बरोबर.

ते दोघं गेल्यावर बाबा उठून चादरीमागे आले. स्टुलावरचं कव्हर उचललं, बाहेरची प्लास्टिकची पिशवीसुद्धा काढलेली नव्हती. ते त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. मी म्हटलं, बाबा, दमले होते हो, चुकून झालं. ते म्हणाले, तुझं नाही म्हणत मी. पण डॉक्टर आणि ड्रायव्हर एका मताचे झाले, तेव्हाच समजायला हवं होतं, आपलं काही खरं नाही. आणि हसले. मग चादरीची दोन टोकं त्यांनी धरली, दोन मी, घडी घातली. घडी माझ्या हातात देताना म्हणाले, तू लहानपणीही 'आली, आली' म्हणायचीस.

म्हणजे ते त्यांना तेव्हाही कळलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच कप विसळत राहिले.

बाहेर आले तर बाबा टेबलाशी बसले होते. पेपर समोर होता, पण घडी मोडलेली नव्हती. खाली बघतच त्यांनी विचारलं, तो काय ऐकतोय सध्या? मी तुझं पत्र त्यांच्या हातात दिलं. दोन्ही पानं त्यांनी सावकाश वाचली, मग म्हणाले, झांजा पत्र्यासारख्या वाजतात म्हणे. पिन नीट बसवली नसेल. विचार त्याला. तर धाकट्या, पिन नीट बसवली आहेस का, हे विचारायला हे पत्र. याहून जास्त ते बोलणार नाहीत, तुला माहीत आहे. मशीनची डबी कपाटात होती, ती आज सकाळी प्लेअरशेजारी दिसली, उघडलेली नाही. ती सॅक्सोफोनची दोन्ही प्रेसिंग घेऊन ये. ते चुकले तर चुकले म्हण. मी दिवसभर परक्या माणसांना सांगते, दिसत नसेल तर नाही म्हणा, पण घरात मला ते कधी जमलं नाही. तुझ्याशी भांडायला मात्र त्यांना अजून आवडेल असं दिसतंय. आणि आपला तो पियानो लावायला चादरीमागे तू उभा राहा. मी पुढे जमिनीवर बसेन. एक रविवार मला काही पुसायचं नाही, उलटायचं नाही, कुणाला सांभाळायचं नाही. त्यानंतर विचार मला, ताई, काय ऐकलंस. कुरकुर नाही आली, तर नाही म्हणेन.

वाट बघत असलेली, तुझीच
ताई