एका बाजूचं देणं

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पूर्वी छापखान्यात मशीनवर, आता काही नाही, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही, काही पाजलेले नाही. शरीराबद्दल तितक्या खात्रीने लिहिता येत नाही. त्याचा खुलासा पुढे येईल. वकील म्हणाला होता, छापील नमुना घ्या, रिकाम्या जागा भरा, झालं. पण नमुन्यात माझ्या रेकॉर्डसाठी 'इतर जंगम वस्तू' एवढीच एक ओळ होती. तिच्यात काय मावणार, म्हणून हा उपद्व्याप.

दोन्ही साक्षीदार, शिंपी आणि वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई, आतल्या खोलीत चहा घेत बसले आहेत. साक्षीदाराने सही करताना पाहायचे असते, मजकूर वाचायचा नसतो, हे मी वकिलाला पुन्हा पुन्हा विचारून घेतले आहे. म्हणून मधले दार लावले आहे. दाराच्या काचेतून दोघे तेवढे दिसतात. लिहिताना ओठ हलवायची मला खोड आहे. उमेदवारीत मी प्रूफ तपासणाऱ्यापुढे बसून मूळ प्रत मोठ्याने वाचत असे, तेव्हाची ती सवय. आता मात्र ते मनातल्या मनात चालते, आवाज बाहेर जात नाही.

कलम १. राहते घर, त्यातले सामान आणि बँकेत असेल ती शिल्लक माझ्या मुलीची. घर तिने विकावे, भाड्याने द्यावे किंवा त्यात राहावे, माझी हरकत नाही. मागच्या खिडकीची कडी वाऱ्याने निघते, तिला आतून सुतळी बांधावी. बांधल्यावर एकदा ओढून पाहावी. गॅस बंद केल्यावरही एकदा पाहावे. मी हे रोज करतो आणि तरी जिन्यावरून परत येतो.

कलम २. रेकॉर्ड. त्या चोरीच्या आहेत असे माझा धाकटा भाऊ लग्नाकार्यात सांगत असतो, म्हणून हकीकत लिहून ठेवतो. आमच्या छापखान्यात रेकॉर्डची कव्हरे छापली जात. नुसती कव्हरे, आतली तबकडी आम्ही कधी पाहिली नाही. जॅझची, रिदम अँड ब्लूजची. रंग सरकला की तो ताव रद्दीत जाई आणि रद्दीतला ताव घरी न्यायची आम्हाला मुभा होती. माझ्या खोलीत भिंतभर ट्रम्पेटवाले, पियानोवाले लावलेले होते, कोणाचे ओठ गालावर गेलेले, कोणाला दोन नाकं. घरात रेकॉर्ड प्लेअर नव्हता. मी त्या चित्रांकडे बघायचो आणि हा माणूस काय वाजवत असेल ते मनाशी ठरवायचो. पुढे पगार वाढला तशा एकेक तबकड्या शोधून आणल्या आणि रद्दीतल्या कव्हरांत घातल्या. त्यामुळे माझ्याकडची सगळी कव्हरे बिघडलेली आणि रेकॉर्ड नीट आहेत. कोणी दुकानदार 'खराब माल' म्हणून भाव पाडू लागला तर त्याला दार दाखवावे.

रेकॉर्ड उभ्याच ठेवाव्यात. आडव्या रचल्या तर खालच्या वाकतात. कडेने धराव्यात. कव्हरावर कप ठेवू नये. हे मी माझ्या मुलीला लहानपणापासून सांगत आलो आहे आणि ती 'हो बाबा' म्हणत आली आहे, म्हणूनच काळजी वाटते.

कलम ३. वाटणी. प्रत्येक रेकॉर्डला आमच्या घरात कव्हरावरून पडलेली नावे आहेत, तीच लिहितो.

'लाल ट्रम्पेट' घड्याळजींना. हे आमच्या गल्लीच्या तोंडाशी घड्याळे दुरुस्त करतात. पाचजणांचे जॅझ आहे. घड्याळजींनी दुसरी बाजू आधी ऐकावी. पहिल्या बाजूवर ट्रम्पेटवाला नुसता दम दाखवतो. दुसरीवर शेवटी एक संथ गाणे आहे, त्यात तो एक सूर धरतो आणि सोडायचा विसरला की काय असे वाटते. तेव्हा आपण श्वास धरू नये. मी धरायचो आणि मला चक्कर यायची.

'न्हाव्याची खुर्ची' माझ्या मुलीला. गाणारा न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला आहे आणि आमच्या हिरव्या शाईने त्याचा चेहरा पालकासारखा झाला आहे. ऑर्गन, दोन सॅक्सोफोन आणि तळपायाला गुदगुल्या करणारा ठेका. तिच्या आईला माझे जॅझ सोसत नसे. ती म्हणायची, "हा वाजवणारा एकच गोष्ट दहा वेळा विचारतोय, द्या ना कुणीतरी त्याला उत्तर." पण ही रेकॉर्ड लावली की ती पदर खोचून भांडी त्या ठेक्यावर घासायची. मला ती तशी फार आवडायची. हे तिला सांगायचे राहिले, निदान मुलीला कळावे.

'मावशी' जावयांना. ही ब्लूज गाणारी थोराड बाई आहे. वाजवणारे पुढे निघून जातात आणि ही मागून दोन्ही हातांत पिशव्या सांभाळत आल्यासारखी सावकाश येते, तरी वेळेवर पोचते. जावईबापू जेवणसुद्धा गाडी सुटत असल्यासारखे उरकतात. त्यांनी ही महिन्यातून एकदा तरी बसून ऐकावी.

धाकट्या भावाला 'निळी शिडी'चे रिकामे कव्हर. आतली रेकॉर्ड दोन दिवसांसाठी म्हणून त्याने नेली, तेव्हा त्याची मुलगी रांगत होती. आता तिची मुले शाळेत जातात. विचारले की म्हणतो, "अरे, शोधतोय ना." निदान कव्हर तरी त्या रेकॉर्डजवळ जाऊ दे.

आमच्या फोरमनला काहीही ठेवलेले नाही. मशीनवर मी कानात कापूस घातला की तो सगळ्यांसमोर म्हणायचा, "काय रे, कान सासरहून हुंड्यात आलेत का?" सगळे हसायचे आणि मी कापूस काढून टाकायचो. तो वारला, तरी नोंद असावी.

उरलेल्या रेकॉर्ड आणि प्लेअर घड्याळजींकडे. 'छत्रीवाला' तेवढा वेगळा, त्याचे पुढच्या कलमात.

(आत्ता काचेतून पाहतो तो शिंपी हसून हसून वाकला आहे आणि नर्सबाई त्याला चिमटे काढते आहे. यांचे काय चालले आहे कोण जाणे.)

कलम ४. हे कलम लिहायला माझा हात धजत नाही, पण लिहिले नाही तर झोप लागत नाही.

मला ऐकू येत नाही. उजवा कान गेलेलाच होता. डाव्यात भिंतीपलीकडे कोणी गादी झोडपावी तसे काहीतरी पोचते, तेही नेहमी नाही. हे कोणाला सांगितलेले नाही. समोरच्याच्या ओठांवरून मी पुष्कळ ओळखतो. फोनवर मुलीला अंदाजाने हो म्हणतो. अशाच एका 'हो'पायी मध्यंतरी घरी नवी गादी येऊन पडली.

सांगितले नाही याचे कारण गुरुवार. दर गुरुवारी संध्याकाळी माझ्याकडे बैठक असते. घड्याळजी, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई आणि शिंपी. शिंप्याला आम्ही 'रेडिओ' म्हणतो, कारण त्याला बंद करायचे बटण नाही. त्याच्यासाठीच बैठकीचा नियम करावा लागला: एक पूर्ण बाजू ऐकायची आणि सुईचा हात आपोआप उचलला जाईपर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही. मग चहा आणि मग भांडण. तरी रेडिओ मध्येमध्ये पुटपुटतोच. मुलीची आई गेल्यावर माझ्याकडे जे उरले ते हे गुरुवार आहेत. बहिऱ्या माणसाकडे गाणी ऐकायला कोण येणार, ही धास्ती मला आहे. म्हणून मी खुर्चीत बसतो, सुई तबकडीवर कुठवर गेली ते पाहतो आणि बाकीचे आठवणीतून ऐकतो. मान डोलावतो. आजवर निभावले.

गेल्या गुरुवारी मी 'छत्रीवाला' लावला. पियानो, बास आणि ड्रमवर ब्रश, एवढीच तीन माणसे. कव्हरावर घरात छत्री उघडून बसलेला माणूस आणि रंग सरकल्यामुळे छत्री त्याच्या डोक्यावरून शेजारी गेलेली. जन्मात एकच जॅझ रेकॉर्ड ऐकायची असेल तर ही ऐकावी असे मी कोणालाही सांगेन. मी सुई ठेवली, बसलो, नेहमीसारखा रमलो. बाजू संपली, हात उचलला गेला, रेकॉर्ड उलटायला उठलो तो अँप्लिफायरचा लाल दिवा बंद. दुपारी पंखा लावायला मी त्याचा प्लग काढला होता आणि परत घातलाच नव्हता.

म्हणजे पूर्ण बाजूभर खोलीत काहीही वाजलेले नव्हते. तिघे माझ्यासमोर पुढे वाकून बसले होते. कोणी उठले नाही, कोणी बोलले नाही. मी पाठमोरा होऊन प्लग घातला आणि दुसरी बाजू लावली. चहाच्या वेळी रेडिओ माझ्याकडे बघून म्हणाला, "पहिली बाजू आज वेगळीच लागली." त्याचे ओठ मी नीट पाहिले होते.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एवढेच फिरते आहे. नियम म्हणून गप्प बसले म्हणावे, तर रेडिओने आजवर नियम पाळलेला नाही. ज्या अर्थी तोही गप्प राहिला, त्या अर्थी तिघांचे आधीच ठरलेले आहे. त्यांना माझे कान माहीत आहेत आणि म्हाताऱ्याचे मन मोडू नये म्हणून ते येतात. किती दिवसांपासून? गाणी आवडतात म्हणून येत होते, ते कधी संपले? विचारायचा धीर होत नाही. विचारले तरी ते गोडच बोलणार. मला दया नको आहे. ती घेऊन माझ्याच्याने रेकॉर्ड लावली जाणार नाही.

सबब असे ठरवतो की आजचा गुरुवार शेवटचा. सह्या झाल्या की तसे सांगणार आहे. कारण म्हणून गुडघे दुखतात असे सांगेन.

मात्र एका बाजूचे देणे माझ्या अंगावर राहते. बोलावून, बसवून मी तिघांना काहीच ऐकवले नाही. तरी 'छत्रीवाला'ही घड्याळजींकडे जावा, आणि माझ्यामागे त्यांनी दोघांना बोलावून त्याची पहिली बाजू लावावी, आणि आधी लाल दिवा लागला आहे याची खात्री करावी. साक्षीदारांना मृत्युपत्रातून काही ठेवता येत नाही असे वकील म्हणतो, म्हणून नर्सबाई आणि रेडिओ यांच्या नावाने काही नाही. राग समजू नये. गाण्याची एक बाजू ऐकवणे हे देणगीत मोडते का, हे विचारायचे राहिले. मोडत असेल तर मोडू दे.

(नर्सबाई चष्मा काढून पुसते आहे. रेडिओ खाली मान घालून बसला आहे. बहुधा चहा गार झाला.)

कलम ५. वरील सर्व मी विचारपूर्वक लिहिले आहे, यापूर्वी कुठे काही लिहून दिलेले नाही. काही राहून गेले असे मला आत्ताच वाटू लागले आहे, पण तसे नेहमीच वाटते, म्हणून इथे थांबतो आणि साक्षीदारांना बोलावतो.

ठिकाण: घरची पुढची खोली, खिडकीजवळचे टेबल.
दिवस: गुरुवार, संध्याकाळ.

लिहून ठेवणाऱ्याची सही

साक्षीदार पहिला, शिंपी: सही
साक्षीदार दुसरी, निवृत्त परिचारिका: सही

(मागील कोऱ्या बाजूवर, दुसऱ्या साक्षीदाराच्या अक्षरात)

दादा, तुम्ही आमच्यासमोर सही केलीत आणि आम्ही तुमच्यासमोर केली. मजकूर आम्ही वाचलेला नाही. वाचायची गरज पडली नाही. तुमचा आवाज बाहेर जातो. पार जिन्यापर्यंत जातो. वरची एकजण खाली विचारायला आली होती, भाषण कोण करतंय म्हणून.

कानांचं आम्हाला केव्हापासून माहीत आहे. मी सगळी नोकरी वॉर्डात काढली, मला काय कळणार नाही? आम्ही कधी काढलं नाही, कारण तुम्ही काढलं नाहीत.

त्या गुरुवारचं मात्र तुम्ही चुकीचं धरून बसलाय. दिवा बंद दिसला तेव्हा मी उठणारच होते. घड्याळजींनी माझा हात धरला आणि नुसतं कानाकडे बोट केलं. सुई वाजत होती. अँप्लिफायर बंद असला तरी तबकडीवर सुई आपली आपण वाजते, हे मला या वयात कळलं. डबीत कोंडलेल्या माशीएवढा आवाज, पण पियानो कळत होता, ब्रश कळत होते. रेडिओ म्हणतो तेही लिहिते: "नेहमी मी बोललो तरी गाणं चालू राहतं. त्या दिवशी बोललो असतो तर गेलंच असतं." म्हणून तो श्वाससुद्धा जपून घेत होता.

बास तेवढा सुईतून येत नव्हता. तो तुम्ही खुर्चीच्या हातावर बोटांनी वाजवत होतात. पूर्ण बाजूभर. तुम्हाला ठाऊक नसेल. आम्ही तिघं पुढे वाकून बसलो होतो ते त्यासाठी.

तेव्हा देणं वगैरे काही नाही, आमची बाजू आम्हाला मिळाली. ते कलम खोडा आणि बैठक बंदचंही. गुडघ्यांचं कारण तर सांगूच नका, ते मी तपासेन. तक्रार एकच आहे: मधल्या संथ गाण्यात तुम्ही जरा घाई केलीत.

पुढच्या गुरुवारी नेहमीच्या वेळी येतो. दिवा लावलात तरी चालेल.